बेटावर किल्ला, खाडीत नांगर

इंदापूरहून समुद्र किती दूर? सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरांहून अधिक, आणि मध्ये उभा सह्याद्री. मालोजीराजे भोसले याच इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्या जहागिरीत पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हे परगणे होते. त्यांतले सुपे आज बारामती तालुक्यात आहे. भीमा, नीरा आणि कऱ्हा एवढेच या मुलखाचे पाणी. या कोरड्या जहागिरीत वाढलेल्या राजाने वयाच्या पस्तिशीच्या आत समुद्रातल्या बेटावर किल्ल्याचा पाया घातला, ही गोष्ट आपण शाळेत इतक्या वेळा ऐकतो की तिचे नवल वाटेनासे होते.

आजच्या धाग्यात किल्ल्याविषयी थोडेच बोलायचे आहे. तटाची लांबी, बुरुजांची संख्या, पायात ओतलेले शिसे यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मला विचारायचा आहे तो प्रश्न साधा आहे. किल्ला बेटावर बांधला. मग जहाजे कुठे बांधली? बांधली म्हणजे उभारली नव्हे, तर नांगरून ठेवली. पाऊसकाळात, वादळात, शत्रू समोर उभा असताना आरमाराने रात्र कुठे काढायची? या प्रश्नाच्या उत्तरावर एकदा एक बेट राखले गेले, आणि एकदा एक संपूर्ण आरमार तासाभरात नाहीसे झाले.

आधी वाऱ्याची ओळख करून घेऊ. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो आणि लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. या काळात शिडाचे जहाज उघड्या समुद्रात ठेवणे म्हणजे ते गमावणे. पावसाळा सरला की समुद्र निवळतो. मग दिवसा समुद्राकडून खारा वारा वाहतो आणि रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा सुटतो. पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, हे कोळ्यांचे वेळापत्रक शेकडो वर्षांचे आहे. जहाज नांगरायला बेटाची पूर्वेकडची, म्हणजे किनाऱ्याकडची बाजू बरी, हे यावरून लक्षात येईल. बेट स्वतःच लाटेला आडवे येते.

पण आडोसा मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. खाली तळ कसला आहे? चिखल असेल तर नांगर रुततो आणि धरून ठेवतो. खडक असेल तर नांगर एक तर घसरतो किंवा कपारीत असा अडकतो की दोर तोडूनच सुटका. ओहोटीला पाणी किती उरते? कोकणच्या उत्तर भागात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढते-उतरते. सकाळी निश्चिंत तरंगणारे जहाज दुपारी खडकावर कलंडलेले दिसू शकते. म्हणून जुने तांडेल दोरीला शिशाचा गोळा बांधून पाणी वावांत मोजत. गोळ्याच्या बुडाला चरबी लावली की तळाची रेती किंवा चिखल तिला चिकटून वर येई. डोळ्यांना न दिसणारी जमीन अशी हाताने चाचपून पाहिली जाई.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. बेट सुमारे ४८ एकरांचे. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यासाठी एवढे पुरेसे होते. नौकांच्या दृष्टीने मात्र ही जागा पहिल्या नजरेला भयंकर वाटते. चहूबाजूंनी खडक, काही पाण्यावर डोके काढलेले, काही भरतीला पूर्ण बुडणारे. ज्याला वाटा ठाऊक नाहीत त्याचे तारू इथे फुटणारच.

निवडीतली खरी मेख हीच आहे. जो खडक परक्या जहाजाचा शत्रू, तोच वाट जाणणाऱ्याचा तट. या जागेचा शोध घेणाऱ्या कोळ्यांना महाराजांनी इनामे दिली, असे परंपरा सांगते. त्या काळी सागराचे छापील नकाशे आपल्याकडे नव्हते. नकाशा माणसांच्या डोक्यात होता, आणि इनाम दिले गेले ते त्या नकाशाला. किल्ल्याचे महाद्वारही किनाऱ्याच्या अंगाला, तटाच्या वळणात असे दडवलेले आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. होडीला लागायची जागा आणि शत्रूला न दिसायची जागा एकच असावी, हा त्यामागचा हिशेब.

तरीही पावसाळ्याचा प्रश्न उरतोच. आजही पावसाळ्यात सिंधुदुर्गाची प्रवासी होडीसेवा बंद असते, हे मालवणला जून-जुलैत गेलेल्यांना ठाऊक असेल. मग आरमार कुठे जाई? मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी आहे आणि तिच्या मुखावर सर्जेकोट. नावाने छोटा, आकाराने त्याहून छोटा. पर्यटक त्याच्याकडे फिरकतही नाहीत. पण पाऊसकाळात नौकांना आत घेणाऱ्या खाडीवर पहारा ठेवणारा किल्ला तो. सिंधुदुर्ग पाहून आलेल्या प्रत्येकाने परतताना सर्जेकोट पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण त्याच्यावाचून सिंधुदुर्गाचे गणित अर्धे राहते.

पाया घातल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज स्वतः समुद्रमार्गे दक्षिणेला गेले. सोबत ३ मोठी जहाजे आणि ८५ लहान नौका होत्या, असे इंग्रजांच्या पत्रांतून कळते. लक्ष्य होते कर्नाटकातले बसरूर. परतताना गोकर्णाजवळ त्यांनी बहुतेक आरमाराला निरोप दिला, स्वतः फौजेसह किनाऱ्याने निघाले आणि वाटेतल्या खाड्या ओलांडण्यापुरत्या १२ नौका तेवढ्या ठेवल्या. आकड्यांकडे पाहा: ३ मोठी आणि ८५ लहान. हे प्रमाण केवळ पैशाच्या टंचाईने ठरले असेल असे मानू नका. लहान नौकेला लहान खाडी पुरते, आणि कोकणात लहान खाड्या पावलापावलावर आहेत.

याची परीक्षा झाली ती खांदेरीला.

थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रात खांदेरीचे बेट आहे. दोन टेकड्या आणि मधला सखल भाग. मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायला याहून मोक्याची जागा नाही. इंग्रज आणि सिद्दी दोघांनाही ते कळत होते. १६७२ मध्ये महाराजांनी ते बेट बांधायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघांनी मिळून तो हाणून पाडला. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचायला लागला. वेळेची निवड लक्षात घ्या. समुद्र अजून पुरता निवळलेला नाही, मोठी जहाजे बंदराबाहेर पडायला नाखूश. थळच्या माणसाला मात्र आपल्या खाडीपासून समोरच्या बेटापर्यंतचा रस्ता पाठ.

इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाला वेढा घातला. आता त्यांची अडचण पाहा. वेढा घालायचा म्हणजे बेटाभोवती नांगर टाकून दिवसच्या दिवस उभे राहायचे. जड जहाजाला खोल पाणी हवे, म्हणून ते खडकांपासून आणि किनाऱ्यापासून दूर राहणार. रसद येत होती ती नेमकी त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या उथळ पाण्यातून. वल्ह्यांनी चालणाऱ्या अरुंद होड्या रात्री, वारा पडलेला असताना, थळ-नागावच्या बाजूने निघत आणि पहाटेच्या आत माल उतरवून परत जात. वारा नसला की शिडाचे जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे जागीच डुलत राहते. वल्ह्यांना वाऱ्याची गरज नसते.

१९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प याने माणसांसह बेटावर उतरायचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला. मग आली १८ ऑक्टोबरची पहाट. दौलतखानाच्या हाताखालच्या सुमारे पन्नास नौका चौलच्या उत्तरेकडील किनाऱ्यावरून निघाल्या आणि नांगरून पडलेल्या इंग्रज जहाजांवर इतक्या वेगाने चालून गेल्या की त्यांना धड निघायलाही सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने शरणागतीचे निशाण दाखवले. इंग्रजांची बाकीची लहान जहाजे दूर सरकली. उरले एकटे ‘रिव्हेंज’, कप्तान मिंचिन आणि कप्तान केग्विन यांच्या हुकमतीखाली.

इथे आपल्याकडच्या काही लेखनात गोष्ट संपते आणि जयघोष सुरू होतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर पुढचा भाग इंग्रजांच्या बाजूने गेला. ‘रिव्हेंज’ने नेटाने तोफा चालवल्या, मराठ्यांच्या पाच नौका बुडवल्या आणि उरलेल्यांचा पाठलाग केला. पण पाठलाग कुठवर? नागोठण्याच्या खाडीच्या मुखापर्यंत. त्या मुखावर गाळाचा उथळ बांध आहे. मराठी गलबते त्यावरून आत सरकली, ‘रिव्हेंज’ला बाहेर थांबावे लागले. हरलेले आरमार त्या रात्री आपल्या नांगरवाड्यात सुखरूप होते, आणि पुढेही बेटावर रसद पोहोचतच राहिली. लढाई इंग्रजांनी जिंकली, बेट मराठ्यांकडे राहिले. पुढे खर्च पेलेनासा झाल्यावर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी वेढा उठवला.

सिद्दी मात्र अधिक धूर्त निघाला. जानेवारी १६८० मध्ये त्याने खांदेरी आणि थळ यांच्या दरम्यान असलेले उंदेरीचे बेट ताब्यात घेऊन त्यावर तोफा चढवल्या. म्हणजे ज्या उथळ पाण्यातून होड्या जात, त्याच पाण्याच्या काठावर तो येऊन बसला! इंग्रजांना बाहेरून जे जमले नाही त्याचे मर्म त्याने आतून ओळखले होते. खांदेरीचे बळ बेटात नसून बेट आणि खाडी यांच्यामधल्या वाटेत आहे, हे खांदेरी बांधणाऱ्याइतकेच त्यालाही कळले होते. दीपगृह, वेताळाचे देऊळ आणि तटावरच्या तोफा पाहायला खांदेरीला जाल तेव्हा बोटीतून उंदेरीकडे जरा वेळ पाहून घ्या.

हा सगळा अनुभव पुढे शब्दांत उतरला तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास. त्यातले दुर्गप्रकरण सगळ्यांना ठाऊक असते, आंबा-फणसाची झाडे धन्याच्या संमतीविना तोडू नयेत हा भागही ठाऊक असतो. आरमाराच्या छावणीविषयीचा मजकूर त्या मानाने कमी वाचला जातो. छावणी म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम. वारे उधळण्याआधी पंधरा-वीस दिवस जहाजे आत घ्यावीत. जलदुर्गाच्या पायथ्याशी, उघड्या नांगरवाड्यात ती ठेवू नयेत. खाडी आणि तिला किल्ल्याचा आसरा असलेले बंदर पाहावे. आणि छावणी दरवर्षी एकाच बंदरी करू नये, बंदर बदलत राहावे. कारण आरमाराची माणसे महिनोन्‌महिने एकाच गावात राहिली तर कितीही बंदोबस्त केला तरी रयतेला उपद्रव होतोच. नांगर कुठे टाकावा या प्रश्नात त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा विचार आलेला मी तरी इतरत्र फारसा पाहिलेला नाही.

त्या पंधरा-वीस दिवसांपाशी मी नेहमी अडखळतो. पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी. वळवाच्या दिवसांत आभाळ निरभ्र असताना अचानक वावटळ येते आणि पाणी उसळते. हे समजायला कोकणात जायची गरज नाही. आमच्या इंदापूर तालुक्यात भीमेवर उजनीचे पाणी पसरले आहे. एका काठाला कळाशी, पलीकडे करमाळा तालुक्यातले कुगाव. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच पाण्यात, अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात, प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. नैऋत्य मोसमी पाऊस कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. तारखा समोरासमोर ठेवल्या की अमात्यांचे पंधरा-वीस दिवस कुठून आले ते कळते. तीनशे वर्षांपूर्वीच्या आज्ञेतला तो आकडा कुणाच्या तरी बुडालेल्या नौकांनी लिहिलेला असणार.

आता शेवटचा प्रसंग, आणि तो सुखाचा नाही.

कान्होजी आंग्र्यांच्या मागे त्यांच्या मुलांत वाटण्या झाल्या. दक्षिणेकडचे आरमार तुळाजीकडे आले आणि त्याचे ठाणे होते विजयदुर्ग, इंग्रजांच्या कागदांतले घेरिया. जागा म्हणाल तर अख्ख्या किनाऱ्यावर अव्वल. वाघोटनची खोल खाडी, तिच्या मुखावर भूशिरावर किल्ला, आणि खाडीत आत गिर्येजवळ जहाजे दुरुस्त करण्याची खडकात खोदलेली गोदी, जिचे अवशेष आजही पाहायला मिळतात. दोनतीन डोलकाठ्यांच्या गुराबा आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते इथून बाहेर पडत. इंग्रज, पोर्तुगीज, डच या सगळ्यांनी आंग्र्यांचा धसका घेतला होता.

तुळाजीचे पेशव्यांशी पटत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स सुवर्णदुर्गावर आला. पहिल्या दिवशी त्याने समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या; तिकडचा तट खडकातलाच असल्याने फारसे काही झाले नाही. मग त्याने जागा बदलली आणि जहाज बेट व हर्णैचा किनारा यांच्या मधल्या पट्ट्यात आणून उभे केले. आजवर जी बाजू आपल्या नौकांच्या आसऱ्याची होती, तिथून त्याने मारा केला. किल्ल्यात आग लागली, दारूचे कोठार उडाले, सुवर्णदुर्ग पडला.

त्याच जेम्सला वर्षअखेरीस विजयदुर्गाची पाहणी करायला पाठवण्यात आले. त्याने पाण्याची खोली मोजली. किल्ल्याची कीर्ती जेवढी आहे तेवढा तो दुर्गम नाही, आणि मोठ्या जहाजांना तटाच्या जवळ जाण्याइतके पाणी आहे, हा त्याचा अहवाल. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा शत्रूच्या हातातही तितकेच खरे बोलतो. सिंधुदुर्ग आणि खांदेरीला ज्या उथळ पाण्याने राखले, ते विजयदुर्गाला नव्हते. खोल खाडी ही मोठ्या गुराबांची सोय होती; तीच आता ॲडमिरल वॉटसनच्या युद्धनौकांची सोय ठरली.

फेब्रुवारी १७५६. तुळाजी किल्ल्यात नव्हता. तो पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्याकडे बोलणी करायला गेला होता. इंग्रज आरमार आले आणि त्याच्याबरोबर कर्नल क्लाइव्ह, पुढे प्लासीमुळे प्रसिद्ध झालेला तोच. तुळाजीचे आरमार कुठे होते? तटाखाली, किल्ल्याच्या तोफांच्या आसऱ्याला, एकमेकांना खेटून नांगरलेले. त्यातच ‘रिस्टोरेशन’ हे इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेले मोठे जहाज होते.

मला त्या निर्णयामागची बुद्धी कळते. शत्रू समोर असताना नौका तटाखाली घ्याव्यात, वरून तोफा राखतील, असे कोणालाही वाटेल. पण अमात्यांच्या कागदात जलदुर्गाच्या पायथ्याचा नांगरवाडा वर्ज्य ठरवला होता. तिथे कारण वादळाचे होते, इथे आगीचे. नौका एका जागी दाटल्या की दोन्हींचा परिणाम सारखाच.

१२ फेब्रुवारीला दुपारी इंग्रज जहाजे खाडीत शिरली आणि किल्ल्याच्या उत्तर बाजूला नांगर टाकून त्यांनी तोफा सुरू केल्या. काही तासांनी एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. सागवान, डांबर, काथ्याचे दोर, कापडी शिडे. आग शेजारच्या गुराबेवर गेली, तिथून पुढच्या, तिथून गलबतांच्या रांगेवर. तासाभरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. जे जहाजांचे घर होते ते त्यांची चिता झाले. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले. किल्ला हवा होता पेशव्यांना. तो लगेच मिळालाही नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहात इंग्रजांनी बाणकोट घेतले आणि मग विजयदुर्ग पेशव्यांकडे आला.

पेशव्यांनी तिथेच पुन्हा आरमार उभे केले. आनंदराव धुळपांच्या हाताखालच्या त्या आरमाराने एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीजवळच्या समुद्रात ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज लढून पकडले आणि विजयदुर्गाला आणले. त्या लढाईवर स्वतंत्र धागा लिहीन.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले; खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही त्यांत आहेत. सर्जेकोट यादीत नाही. मालवणहून वाट जवळची आहे. ओहोटीच्या वेळी जा, म्हणजे खाडीच्या तोंडाशी पाणी कुठे उथळ होते आणि होड्या कुठून आत शिरतात ते नीट दिसेल.